शिळं गाऱ्हाणं

द्रुपदीबाय आमच्या रेडिओवर पहिल्यांदा आली ती भांडायला.

केंद्र सुरू होऊन तेव्हा तीन दिवस झाले होते आणि त्यातले दोन दिवस ते बंद होतं. मोपाच्या सड्याखाली, म्हणजे कातळपठाराच्या पायथ्याशी, काजीच्या एका बागेत, राखणदारासाठी बांधलेला जुना मांगर होता. बागवाल्याने तो आम्हाला वापरायला दिला. चिऱ्याच्या भिंतींना आम्ही अंड्यांचे पुठ्ठे चिकटवले, जनेलाला, म्हणजे खिडकीला, गोधडी लावली, छपरावर खांब उभारला आणि गावाचा स्वतःचा रेडिओ म्हणून फीत कापली. पाहुण्यांचं भाषण चालू असतानाच यंत्रातून करपल्याचा वास आला. तांत्रिक प्रमुख मी होतो. जमलेल्या स्वयंसेवकांत स्वतःचा पेचकस असलेला मी एकटाच, म्हणून हे पद माझ्याकडे आलं. त्याआधीची तीस वर्षं मी शाळेच्या प्रयोगशाळेत काचेच्या नळ्या धुण्यात घालवली होती.

तिसऱ्या दिवशी यंत्र उघडून बसलो होतो. काढलेले स्क्रू कुठून काढले ते आठवत नव्हतं. दारात एक ठेंगणी बाई येऊन उभी राहिली, चपला काढून, त्या भिंतीशी सरळ रेषेत लावून.

"गाऱ्हाणां घातलेल्यात?" तिने विचारलं.

"कसलं गाऱ्हाणं?"

"मगे कसां चालतलां तां?" ती यंत्राकडे बघत म्हणाली. "शेत पेरताना घालतत, होडी लोटताना घालतत. तुमी फीत कापल्यात. देवान फीत बघूची काय?"

आमच्याकडे कुठलंही काम सुरू करण्याआधी गाऱ्हाणं घालतात. एकाने उभं राहून देवाला मोठ्याने सगळं सांगायचं, मागायचं, आणि जमलेल्यांनी दर मागण्याला 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. मला हे ठाऊक नव्हतं असं नाही. पण रेडिओ म्हणजे काहीतरी आधुनिक, असा आमचा समज. मी, आमच्या बसचा निवृत्त ड्रायव्हर गुरुदास आणि शाळेतली शैलाबाई, असे तिघे तिच्यासमोर चुकलेल्या पोरांसारखे उभे राहिलो. तिने डोक्यावर पदर घेतला, देवळाच्या दिशेला तोंड केलं आणि देवाला आमच्याबद्दल सांगितलं. त्यात "ह्या लेकरांक कळूक नाय" असं वाक्य होतं. मी तेव्हा पन्नाशी ओलांडलेली होती.

यंत्र त्या संध्याकाळी सुरू झालं. एक स्क्रू उरला, तो अजून माझ्याकडे आहे.

त्यानंतर रोज सकाळी साडेसातला द्रुपदीबायचं गाऱ्हाणं हा आमचा पहिला कार्यक्रम झाला. ती अंगणवाडीत मदतनीस होती, नुकतीच निवृत्त झाली होती. चाळीस पोरांच्या कालव्यात शेवटच्या पोरापर्यंत पोहोचेल असा आवाज तिने कमावला होता. पहिल्या दिवशी तिने मायक्रोफोनशी तोंड नेलं आणि माझ्या कानावरच्या फोनातून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी तिला हातभर मागे बसवलं. मग नवी अडचण. देव पूर्वेला, मायक्रोफोन पश्चिमेला.

"मी देवाशी बोलतंय, तुझ्या त्या कणसाशी न्हय," ती म्हणाली.

शेवटी मायक्रोफोनच उचलून जनेलाशी नेला आणि गोधडी काढली. मग कावळे आले, सायकलवरून पाव विकणाऱ्या पोदेराचा पों पों भोंपू आला आणि सड्यावर विमानतळ झाल्यापासून विमानंही आली. मी कपाळाला हात लावायचो, ती सगळ्यांना गाऱ्हाण्यात घ्यायची. "पोदेराच्या सायकलीक ब्रेक बरे लागांदी म्हाराजा." आम्ही म्हणायचो, "व्हय म्हाराजा." डोक्यावरून विमान गेलं की ती एक हात वर करून थांबायची. आवाज पूर्ण विरेपर्यंत तो हात वरच. मी घड्याळाकडे बोट दाखवायचो, कारण रेडिओवर शांतता म्हणजे यंत्र बिघडलं असं लोक समजतात. ती मान हलवायची. विमान गेलं की म्हणायची, "तांकाय खंय तरी पावाचां आसा."

गावातल्या दोघा मानकऱ्यांना हे रुचलं नाही. बाईमाणसाने गाऱ्हाणं घालायचं म्हणजे काय, असं ते विचारायला आले. ती चहा ढवळत होती.

"देवळात तुमीच घाला," ती म्हणाली. "मांगरात देवळातलो मान नाय. हंय फकत ह्यो सुदेश आसा, आणि तेका घालूक येणा नाय."

मला घालता येत नाही, हा मुद्दा घेऊन दोघेही समाधानाने परत गेले.

आमच्यासारख्या रेडिओला स्वतःच्या बातम्या द्यायला मनाई असते. पण गावाला बातम्याच हव्या असतात. द्रुपदीबायच्या गाऱ्हाण्यात सगळं यायचं. वरच्या वाड्यावर नळाला तीन दिवस पाणी नाही, शाळेच्या छपराचं कौल सरकलंय, अमक्याचा बैल सुटलाय आणि तो तमक्याच्या भातात आहे. एकदा एक साहेब चौकशीला आले. सकाळच्या कार्यक्रमात बातम्या असतात असं त्यांच्या कानावर आलं होतं. मी घाबरून त्यांना तीन वेळा बसा म्हटलं. खुर्ची एकच होती आणि तिच्यावर मी बसलो होतो.

द्रुपदीबाय त्यांना म्हणाली, "सायबा, बातमी माणसांक सांगतत. मी देवाक सांगतंय. मधी माणसां आयकतत, तेका मी काय करू?"

साहेबांनी थोडा विचार केला. मग म्हणाले, "आमच्या गावचा रस्ता पण सांगा हो एकदा." तिने दुसऱ्या दिवशी सांगितला.

तिचा एक नियम होता आणि त्यात तडजोड नव्हती. गाऱ्हाणं ध्वनिमुद्रित करायचं नाही. "शिळी भाकरी चलता," ती म्हणायची, "शिळां गाऱ्हाणां चलणा नाय. कालचां मागणां काल गेलां. आज देवाचां मन वेगळां, माणसाची अडचण वेगळी." ती नसेल त्या दिवशी कुणीही उभं राहावं, दोनच वाक्यं बोलावीत, पण ताजी.

एकदा तिला ताप आला आणि मी उभा राहिलो. सवयीने सुरुवातच केली, "नमस्कार श्रोतेहो." मग चूक लक्षात येऊन म्हणालो, "म्हाराजा." पुढचं काही सुचेना, तेव्हा आपल्याच वाक्याला आपणच "व्हय म्हाराजा" म्हटलं, आणि शेवटी देवाचे आभार मानून पुढचा कार्यक्रम कोणता ते त्याला सांगितलं. महिनाभर मला गावात तोंड दाखवायची सोय राहिली नाही. न्हाव्याकडे गेलो तर तो वस्तरा परजत म्हणे, "श्रोतेहो म्हाराजा, मान वर करा." त्या दिवशी मी मनाशी ठरवलं की पुन्हा कधी गाऱ्हाण्याला उभं राहायचं नाही. आणि गुपचूप एक काम केलं. एका स्वच्छ सकाळी, कावळा नाही, विमान नाही, पोदेर लवकर येऊन गेलेला, अशा वेळी तिचं गाऱ्हाणं तिला न सांगता मुद्रित करून ठेवलं. संगणकात त्याला नाव दिलं 'अडीअडचण'. माझ्या हुशारीवर मी बेहद्द खूश होतो.

त्या मुद्रणात तिचं शेवटचं मागणंही होतं. ते मागणं सुरुवातीपासून नव्हतं.

उमेश हा तिचा एकुलता एक मुलगा. सड्याच्या कडेला त्यांची काजीची बाग होती. विमानतळ आल्यावर बागेला गिऱ्हाईकं येऊ लागली. उमेशला बाग विकायची होती, आईला नव्हती. एका दुपारी दोघांत बोलणं झालं. काय झालं ते तिने कधीच सांगितलं नाही. गुरुदास तिचा शेजारी, त्याने कुडाच्या कुंपणापलीकडून ऐकलं होतं, पण त्यानेही सांगितलं नाही. उमेश घर सोडून गेला. दुसऱ्या सकाळी ती वेळेवर आली, चपला रेषेत लावल्या, नळ, कौलं, पोदेर सगळं मागून झालं आणि आम्ही उठायच्या बेतात असताना म्हणाली:

"आणि म्हाराजा, जो कोण वाट चुकान घराभायर पडलो आसा, तेका घराची वाट दाखव."

एक क्षण कुणाच्या लक्षात आलं नाही. मग मी म्हणालो, "व्हय म्हाराजा." या एका कामात माझा आवाज कधी चुकला नाही.

नाव तिने कधी घेतलं नाही. घ्यायची गरजही नव्हती, तालुक्याला माहीत होतं. चार वर्षं रोज, दर सकाळी तेच मागणं, पण कधी त्याच शब्दांत नाही. कधी "ज्याच्या पायाक भोवरो लागलो आसा तेका", कधी "जो रागान गेलो तेचो राग निवांदी". वारा बरा असला तर आमचा आवाज पार लाटंबार्शे गावापर्यंत जायचा. तिथे तिची विधवा बहीण राहायची, तीही म्हणे चुलीपाशी 'व्हय म्हाराजा' म्हणायची. सकाळी साडेसातला कुठल्याही वाड्यावरून चालत गेलात तर घराघरातून तो होकार ऐकू यायचा. केंद्राचा अहवाल लिहिताना मी त्याचं वर्णन 'श्रोत्यांचा उत्स्फूर्त सहभाग' असं केलं होतं. ते वाक्य मला फार आवडलं होतं.

मग एका सोमवारी तिने ते मागणं घातलं नाही.

माझा हात बटणावर तयार होता. ती थांबली, पदर सावरला, उठली. मी कार्यक्रम पुढे नेला आणि नंतर तिला बाहेर गाठून म्हणालो, "बाय, शेवटचां रवलां."

"रवूक नाय रे," ती म्हणाली, आणि हसली. पायात चपला सरकवताना तिने डावी उजवी उलटसुलट घातली आणि तशीच चार पावलं गेली. शैलाबाई माझ्याकडे बघत होती, मला काही कळलंय का ते पाहत. मी म्हणालो, "वय झालं तिचं. विसरायला लागली."

उमेश आदल्या संध्याकाळी आला होता. एक पिशवी घेऊन दारात उभा राहिला आणि म्हणाला, "जेवण आसा?" बस्, एवढंच. सोमवारी तो कोयता घेऊन बागेत गेला आणि झाडांखालचं रान साफ करू लागला. तिने गुरुदासाला आणि त्याच्या बायकोला बजावलं होतं, चार दिवस कुणाला सांगू नका, दृष्ट लागेल. शैलाबाईने तिच्या चेहऱ्यावरून ओळखलं. राहिलो मी. मंगळवारी आणि बुधवारीही शेवटचं मागणं नव्हतं, आणि दोन्ही दिवशी मी तिच्या स्मरणशक्तीची कीव केली.

गुरुवारी सकाळी सातला तिचा फोन आला. आवाजात हसू होतं. एवढ्या वर्षांत तिला फोनवर हसताना मी ऐकलं नव्हतं, आणि का हसतेस हेही मी विचारलं नाही.

"सुदेशा, आज माका देवळात जावचां आसा. गुरुदास स्कूटरीन व्हरता. गाऱ्हाणां तू घाल."

"मी?"

"दोनच वाक्यां घाल. आणि श्रोतेहो म्हणा नाका."

शैलाबाईची गुरुवारी शाळा सकाळची. गुरुदास देवळात. मांगरात मी एकटा. मी मागणार आणि व्हय कोण म्हणणार? न्हाव्याचा वस्तरा आठवला. सात एकोणतीस झाले. मी संगणकात 'अडीअडचण' शोधलं आणि बटण दाबलं. मग खुर्चीत मागे रेलून चहा प्यायलो. मुद्रण इतकं स्वच्छ होतं की मला स्वतःचंच कौतुक वाटलं. शेवटी ती म्हणाली, "जो कोण वाट चुकान भायर पडलो आसा..." आणि आमच्या तिघांच्या आवाजात 'व्हय म्हाराजा' आलं. सगळ्यात मोठा माझा.

तासाभराने गुरुदासाच्या स्कूटरचा आवाज आला. द्रुपदीबाय आत आली, नवी साडी, कपाळाला देवळातलं कुंकू. तिने पानावरचा खोबऱ्याचा तुकडा आणि गूळ माझ्या हातावर ठेवला.

"खा. पावलां."

"काय पावलं?"

"उमेस इलो रे. आयतवारीच इलो. आज नारळ दिलंय देवाक." ती माझ्या खुर्चीत बसली, एरवी कधी बसत नसे. "पावलेलां फेडूक जाय. नायतर देवाक वाटता, ही बाई परत मागूकच येतली."

खोबरं माझ्या तोंडात होतं. ते चावायचं थांबलं.

"आज कोणी घातलां?" तिने विचारलं.

"मीच."

"श्रोतेहो म्हणूक नाय मां?"

"नाय," मी म्हणालो. निदान एवढं खरं होतं.

"बरां केलंस," ती म्हणाली आणि माझ्या पाठीवर हात ठेवला. मग घरी गेली, उमेशला खोबरं द्यायला.

मी अजूनही कधीकधी हिशोब मांडतो की त्या क्षणी सांगितलं असतं तर काय झालं असतं. ती घरी पोहोचायच्या आधी सगळं होऊन गेलं होतं, त्यामुळे काहीच बदललं नसतं. पण मग ती माझ्या तोंडून ऐकून गेली असती.

काय झालं ते गुरुदासाच्या बायकोने, सुमतीने सांगितलं. उमेश ओट्यावर चहा घेऊन बसला होता, हातात उंडो, पोदेराचा गोल पाव. सुमतीने रोजच्यासारखा रेडिओ मोठ्याने लावला. द्रुपदीबाय देवळात गेलीय हे त्या दोघांना ठाऊक नव्हतं, ती मांगरातच असेल असं त्यांना वाटलं. नळाचं गाऱ्हाणं झालं, छपराचं झालं. तो आईच्या आवाजाला हसत होता. मग शेवटचं आलं. आधी त्याला कळलं नाही. मग कळलं.

"ह्यां कोणासाठी?" त्याने कुडावरून विचारलं.

सुमतीला वाटलं, त्याला बरं वाटेल. ती म्हणाली, "तुज्यासाठीच रे. चार वर्सां रोज घालता. एक दीस चुकाक नाय."

"आणि हे सगळे व्हय म्हणतत?"

"सगळो तालुको म्हणता."

त्याने कप खाली ठेवला. म्हणाला, "वाट चुकलेलो म्हणान माका सगळ्या तालुक्यात फिरयलां आवशीन. इल्यार पण थांबूक नाय." सुमती त्याला सांगत राहिली की नाही रे, सोमवारपासून घातलंच नाही. पण आताच तर त्याने ऐकलं होतं. खुद्द आईच्या आवाजात. त्यापुढे सुमतीचं कोण ऐकणार. पिशवी घेऊन तो पायवाटेने उतरला. द्रुपदीबाय आली तेव्हा ओट्यावर अर्धा कप चहा होता आणि त्यात बुडवलेला पाव फुगून वर आला होता.

संध्याकाळी मी तिच्याकडे गेलो. वाटेत माफीचं भाषण तयार केलं होतं, तीन मुद्द्यांचं. ती ओट्यावर बसून होती. कप तिथेच होता, मुंग्या लागलेला. मी पहिला मुद्दा काढला.

"तू घातलंय म्हणालंस," ती मध्येच म्हणाली.

"व्हय."

"माझ्या तोंडान?"

दुसरा आणि तिसरा मुद्दा कुठे गेले कोण जाणे.

"पावलेलां परत मागलंस रे," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "देवाक वाटलां आसतलां, दिलेलां हिका पुरणा नाय. आणि तेका वाटलां, इलंय तां हिका दिसूकच नाय."

मी म्हणालो, त्याला फोन करतो, सगळं समजावतो. उमेशने दिलेला नंबर तिने मला दिला. तो लागला नाही. तो आजही लागत नाही. मी मुद्रण पुसून टाकलं, आणि पुसल्यावर लक्षात आलं की ते कोणत्या दिवसाचं होतं हे सिद्ध करणारी एकमेव गोष्ट तीच होती. त्या वेळची तारीख, वेळ, सगळं त्यात होतं. उमेश कधी भेटला असता तर दाखवता आलं असतं, हे बघ, हे जुनं आहे. माझी एक चूक निस्तरायला मी नेहमी दुसरी तयार ठेवतो.

महिनाभर ती आली नाही. साडेसातला शैलाबाई खतांची माहिती वाचायची. लोक विचारायचे, बाय बरी आहे ना, आणि मी म्हणायचो बरी आहे. पोदेर मांगरासमोरून जाताना भोंपू वाजवेनासा झाला.

मग एका सकाळी चपला भिंतीशी रेषेत दिसल्या. ती आत होती, पण जनेलाशी नाही. आम्ही होकार देणारे बसायचो त्या बाकावर.

"तू घाल," ती मला म्हणाली.

"बाय, माका येणा नाय."

"माका ठावक आसा. घाल."

"तू कित्याक नाय?"

"मागलंय, दिलां, फेडलंय. परत त्याच तोंडान मागूक माझां तोंड नाय." ती पदर नीट करत होती. "तुजां तोंड नवां आसा. तुज्याकडसून मागल्यार चलता."

मी जनेलाशी उभा राहिलो. पूर्वेला तोंड केलं. श्रोतेहो म्हणालो नाही. पाण्याचं मागितलं, शाळेचं मागितलं, एका गाभण म्हशीचं मागितलं. गुरुदास, शैलाबाई आणि द्रुपदीबाय प्रत्येकाला 'व्हय म्हाराजा' म्हणत होते. मग शेवट आला. 'वाट चुकलेला' हे शब्द मला घ्यायचे नव्हते. दुसरे सुचत नव्हते. डोक्यावरून विमान आलं आणि मी हात वर केला, तेवढाच वेळ मिळाला. विमान गेलं.

"म्हाराजा," मी म्हणालो, "जो घरी इल्लो, तो वाट चुकलेलो नव्हतो. वाट चुकलंय तो मी. मी लायलेलां जुनां गाऱ्हाणां तेच्या कानार पडलां. तां त्या दिसा तेच्या आवशीन घालूक नाय. ह्यां तेका खंय आसात थंय कळांदी."

गुरुदास म्हणाला, "व्हय म्हाराजा." शैलाबाई म्हणाली. द्रुपदीबाय काही बोलली नाही. मी तिच्याकडे बघत राहिलो, रेडिओवर नुसती शांतता चालली होती आणि मी ती चालू दिली.

बाहेर चपला घालताना मी तिला विचारलं, "बाय, शेवटाक तू व्हय म्हणूक नाय."

"तेचो व्हय माझो न्हय," ती म्हणाली. "आयकलो तर तोच म्हणतलो." पायवाटेवर जाऊन वळून म्हणाली, "उद्या ह्यांच म्हणा नाका. आजचां आज गेलां."

पावसाळाभर ती येत राहिली. बाकावर बसायची, बाकी सगळ्याला होकार द्यायची आणि शेवटच्या मागण्याला गप्प राहायची. मी रोज नवे शब्द शोधायचो. मला वाटायचं, एके दिवशी मला बरोबर सापडतील आणि ती म्हणेल. काजीला मोहर आला तेव्हा तिने लाटंबार्शाला बहिणीकडे राहायला जायचं ठरवलं. बहिणीला आता दिसत नव्हतं, हे कारण होतं. दुसरं कारण म्हणजे तो ओटा, असं सुमती म्हणाली. बाग तिने विकली नाही. पालापाचोळा गुरुदासाने साफ करायचा असं ठरलं, आणि उमेशने त्या सोमवारी जेवढं रान काढलं होतं त्याच्या पुढून सुरुवात करायची, असं तिने त्याला बजावलं.

आम्ही तिघे तिला बसवर पोचवायला गेलो. मी तिच्यासाठी एक लहान रेडिओ नेला होता. बस उभी होती तोवर तिने खिडकीशी बसून त्याची दांडी पूर्ण बाहेर ओढली, बसच्या खिडकीतून हातभर बाहेर आली ती. कंडक्टर म्हणाला, "आजये, तां आत घे, झाडाक लागतलां." तिने आत घेतली नाही.

"थंय लागतलो मां रे?" तिने मला विचारलं.

"वारा बरा असला तर."

"तू मगे वाऱ्याचांय माग," ती म्हणाली.

बस सुरू झाली. मी खिडकीबरोबर चार पावलं चाललो. ती वाकून मला काहीतरी सांगू लागली आणि नेमकं त्याच वेळी सड्यावरून विमान उठलं. तिने सवयीने हात वर केला, थांब म्हणून. मी थांबलो. बस थांबली नाही. वळणावर मला तिचा वर केलेला हात दिसत होता, त्याच्याशेजारी रेडिओची दांडी, आणि विमान अजून जायचं होतं.